आमच्या अंगात हाडं किती? : पाचवी-सहावीच्या सांगाड्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्थेचा धडा आहे. दरवर्षी तो तीन-चार तासिकांत उरकतो. "प्रौढ माणसाच्या शरीरात किती हाडे असतात?" या प्रश्नाला २०६ लिहिलं की गुण मिळतो. त्याच मुलाला मनगटाचं हाड दाखव म्हटलं, तर तो घड्याळ बांधायच्या जागेवर बोट ठेवतो आणि थांबतो. तिथं एक नाही, आठ हाडं आहेत हे त्याच्या बोटांना माहीत नसतं.

यंदा ठरवलंय, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत वर्गानं माणसाएवढा सांगाडा स्वतःच्या हातानं करायचा. पाचवी आणि सहावी एकाच खोलीत बसतात, मिळून सतरा मुलं. प्लास्टिकचा तयार सांगाडा आणायला पैसे नाहीत, आणि असते तरी मी तो आधी आणला नसता.

आज फक्त चित्रं काढून घेतली. "तुमच्या कातडीखाली काय असेल ते काढा" एवढंच सांगितलं. बहुतेकांनी हात म्हणजे एक काठी, पाय म्हणजे एक काठी काढली. कोपर, गुडघा कुठंच नाही. छाती पोकळ. एकीनं पाठीचा कणा काढला, पण सरळ, दांड्यासारखा. ही चित्रं जपून ठेवली आहेत.

एक नियम केला. कुठलंही हाड करण्याआधी ते स्वतःच्या अंगावर चाचपायचं, मग घरात त्याला काय म्हणतात ते सांगायचं, पुस्तकातलं नाव सगळ्यात शेवटी. पंधरा मिनिटांत फळा भरला: नडगी, खुबा, बरगडी, फासळी, मणका, गुडघ्याची वाटी, घोटा, कोपर, माकडहाड, टाळू. शब्द घरोघरी आहेतच. हाडाशी त्यांची गाठ घालून द्यायची एवढंच काम.

८ जानेवारी, बुधवार

दुकानातून खोक्यांचे पुठ्ठे आणले. ते जोडून जमिनीवर पसरले आणि सहावीतली एक मुलगी त्यावर उताणी झोपली. बाकीच्यांनी खडूनं कड आखली. तिची उंची १४० सेंटिमीटर. सांगाडा याच मापाचा होणार.

मांडीचं हाड मोजायला सगळ्यांना मजा आली. कमरेच्या खाली बाजूला हात ठेवून पाय हलवला की एक उंचवटा हाताखाली फिरतो. तिथून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत टेप लावायचा. तिचं माप आलं ३६. म्हणजे उंचीच्या साधारण चौथा हिस्सा. मग प्रत्येकानं आपापलं मोजलं आणि उंचीला भाग दिला. गणिताची तासिका वेगळी घ्यावी लागली नाही.

जाता जाता पाचवीतल्या एकानं विचारलं, "बाई, तक्ता मोठ्या माणसाचा हाय, आन् माप हिचं. चालंल का?" मी म्हणाले, लहान करून घेऊ. तेव्हा या उत्तरानं माझं समाधान झालं होतं.

१० जानेवारी, शुक्रवार

लगद्याचं काम. माणदेशातल्या आज्यांना कागदाच्या लगद्याच्या टोपल्या कशा करायच्या ते सांगावं लागत नाही. एका मुलाची आजी स्वतःहून आली. रद्दी सोमवारपासून भिजत घातली होती. तिनं ती पिळून उखळात कुटून घेतली, त्यात गव्हाच्या पिठाची खळ, मुलतानी माती आणि मेथीची पूड घातली. मेथी कशाला? "चिकट व्हतं, आन् कसर लागत न्हाई," आजी म्हणाल्या. वर्गात दिवसभर मेथीचा वास होता.

पहिली तीन हाडं वाकडी वाळली. आजींनी सांगितलं की एका बाजूला ऊन लागू द्यायचं नाही, फिरवत राहायचं. त्यासाठी पाळ्या लावल्या.

१३ जानेवारी, सोमवार

आज हात. अख्खा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

मुठीच्या टेंगळांपासून सुरुवात केली. मूठ वळली की चार डोंगर दिसतात, ती तळहाताच्या हाडांची टोकं. म्हणजे बोट जिथं सुरू होतं असं दिसतं, त्याच्या बरंच आधी सांधा असतो. बोटाचा मागचा भाग बघितला तर बोट लांब, पुढून बघितला तर आखूड. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

एका हातात २७ हाडं: मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. बोटं पाच आणि हाडं चौदा, हा हिशेब मी सांगितला नाही. थोड्या वेळानं एक मुलगी ओरडली, "अंगठ्याला दोनच पेरं!" पायाच्या अंगठ्यालाही दोनच. एका पावलात २६ हाडं धरली तर दोन हात आणि दोन पावलं मिळून १०६. शरीरातली निम्म्याहून जास्त हाडं या चार टोकांना आहेत.

मग अंगठा तळहाताला सुतळीनं बांधून शर्टाचं बटण लावायला सांगितलं. पेन धरायला, पाण्याची बाटली उघडायला, चिंचेचं साल काढायला सांगितलं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा खोगिरासारखा असतो, म्हणून तो इतर चारही बोटांसमोर येऊ शकतो. हे वाक्य मी सुतळी सोडल्यावर सांगितलं.

आणखी एक. कोपर टेबलावर टेकवून तळहात वर करायचा, मग पालथा करायचा, आणि दुसऱ्या हातानं मनगटाजवळ धरून ठेवायचं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तळहात पालथा होताना अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. भाकरी थापताना, किल्ली फिरवताना रोज हेच होतं.

उद्या संक्रांत. तिळात कॅल्शियम भरपूर असतं एवढं सांगून सोडून दिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कणा. मानेचे ७ मणके, छातीचे १२, कमरेचे ५. त्याखाली पाच मणके जुळून झालेलं त्रिकोणी हाड आणि शेवटी माकडहाड. मणके लगद्याचे केले, मधोमध भोक ठेवलं. भोकातून दोरी जाते तसा मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खऱ्या मणक्यांतून जातो.

दोन मणक्यांमध्ये काय घालायचं यावर बरीच चर्चा झाली. थर्माकोल दाबला की चेपून तसाच राहतो. रबराचा तुकडा फारच ताठ. शेवटी जुन्या हवाई चपलांचे तळ गोल कापून घेतले. दाबले की दबतात, सोडले की परत येतात. मणक्यांमधल्या चकत्या तेच काम करतात. दिवसभर उभं राहून, चालून त्या थोड्या दबतात, रात्री आडवं झाल्यावर पाणी धरून पुन्हा फुगतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो. ऐकून कुणी विश्वास ठेवला नाही. त्यांनी घरी भिंतीवर खुणा केल्या. आज सतरापैकी अकरा जणांनी माप आणलं. नऊ जणांच्या दोन खुणांत काही मिलिमीटरचा फरक आहे.

मेंढपाळाच्या घरातली एक मुलगी वर्गात आहे. आई-वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडलेत, ती आजीपाशी राहते. एरवी वर्गात फारसं बोलत नाही. मी सांगितलं की जिराफाच्या लांब मानेतसुद्धा सातच मणके असतात, फक्त एकेक मणका लांब. ती म्हणाली, "मेंढराला बी सातच. पर बरगड्या तेरा-तेरा." माणसाला बारा जोड्या, मेंढीला तेरा. बरोबर आहे. तिनं त्या खाताना आणि सोलताना मोजल्या होत्या. उरलेला तास तिनं घेतला. नळीच्या हाडात काय असतं, ते लहान कोकराच्या हाडात लालभडक आणि म्हाताऱ्या मेंढीच्या नळीत पिवळट का दिसतं, हे तिनं पाहिलेलं होतं. मी त्याला एवढंच जोडलं की लाल मगजात रक्तपेशी तयार होतात. लहान मुलांच्या जवळजवळ सगळ्या हाडांत हे काम चालू असतं. मोठेपणी ते छातीचं हाड, बरगड्या, मणके, कमरेची हाडं, कवटी अशा ठिकाणी उरतं आणि नळ्यांमध्ये चरबी भरते.

२० जानेवारी, सोमवार

रविवारी कुणाच्या तरी घरी कोंबडी झाली होती. तंगडीची दोन हाडं स्वच्छ धुऊन आणली. एक काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवलं. दुसरं एका मुलानं घरून चुलीच्या निखाऱ्यात टाकून, पांढरं करून आणायचं ठरलं.

माळकरी घरातली दोन मुलं आहेत. त्यांना हात लावायला सांगितलं नाही. लांबून पाहिलं तरी चालेल, वहीत नोंद करायचं काम तुमचं, असं सांगितलं. त्यांच्या नोंदी सगळ्यात नीट आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

शाळा सुटल्यावर पाचवीतला एक मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला. मी गावातच होते. हात छातीशी धरून बसला होता. मनगटाच्या वर थोडी सूज, हात जरा वाकल्यासारखा. रडत नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते.

हात जसा होता तसाच ठेवला. एका बाजूला लाकडी पट्टी, दुसऱ्या बाजूला घडी केलेलं वर्तमानपत्र लावून ओढणीनं सैल बांधलं आणि गळ्यात झोळी केली. बोटं उघडी ठेवली, दर थोड्या वेळानं त्यांचा रंग पाहिला, बोटं हलवायला सांगितली.

त्याचे आजोबा आले. त्यांनी लगेच हाडवैद्याचं नाव काढलं. "आमचं समद्यांचं त्यानंच बसवलंय, बाई." मी म्हणाले, "आबा, आधी फोटो काढून बघू. आत काय झालंय ते न बघता कुणीच ओढायला नको. मी येते सोबत." आबांचा राग माझ्यावर नव्हता, नातवाच्या हातावर होता. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि मग स्वतःच गाडीची किल्ली मागवली.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताचं रक्त अडतं आणि मग हाड जुळलं तरी हात कायमचा अधू होऊ शकतो. सांगाडा शिकवताना हे सांगायचं राहिलं, तर माझ्या दृष्टीनं काहीच शिकवलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. बरणीतलं हाड काढून धुतलं. ते वाकलं! टोकं धरून कमान होईपर्यंत वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं. निखाऱ्यातलं हाड दिसायला तसंच, पण चिमटीत धरलं की खडूसारखा चुरा.

व्हिनेगरनं हाडातले चुन्याचे क्षार विरघळवले, मागं राहिला चिवट तंतूंचा भाग. आगीनं तंतू जाळले, मागं राहिले क्षार. दोन्ही एकत्र असतात तेव्हाच हाड कडकही असतं आणि चटकन तुटतही नाही. माळकरी मुलानं वहीत लिहिलं, "भिंतीत वीट आणि सळई दोन्ही लागते." त्याचे वडील गवंडी आहेत.

२७ जानेवारी, सोमवार

आज आबा नातवाला घेऊन आले. कोपरापर्यंत प्लास्टर, आणि काखेत एक्स-रेचं पाकीट. आबांचा चेहरा उतरलेला होता. "बाई, डाक्टर म्हनला एकाच जागी मोडलंय. पर ह्यात बगा की, मनगटाजवळ दोन्ही हाडं तुटून बाजूला झाल्यात. त्यांनी बगितलंच न्हाई का काय?"

मी खिडकीच्या काचेवर फिल्म धरली. खरंच, दोन्ही हाडांच्या टोकाशी, मनगटाच्या जरा वर, काळी आडवी फट. टोकाचा तुकडा वेगळा. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मोडलेली जागा त्याच्याही वर होती. तिथं हाडाची एक बाजू फाटल्यासारखी, दुसरी नुसती वाकलेली.

दुपारी आबांसोबत दवाखान्यात पुन्हा गेले. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी जे सांगितलं ते असं.

एक्स-रेमध्ये पांढरं दिसतं ते चुन्याच्या क्षारांमुळे. ते किरण अडवतात. कूर्चा म्हणजे हाडाच्या जागचा मऊ, लवचिक भाग. ती किरण अडवत नाही, म्हणून दिसत नाही, तिच्या जागी फट दिसते. दहा वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिथंच नवी कूर्चा तयार होते, तिचं हाड होतं आणि हात लांब होतो. ती फट म्हणजे मोड नव्हे, तिथं हात वाढतोय. साधारणपणे मुलींमध्ये पंधरा-सोळाव्या आणि मुलांमध्ये सतरा-अठराव्या वर्षाच्या सुमारास मनगटाजवळच्या या फटी भरून येतात आणि टोक दांड्याशी एकजीव होतं. वाढीच्या कूर्चेच्या या पट्टीलाच इजा झाली तर वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मुलाच्या सांध्याजवळचा मार कधी अंगावर काढायचा नाही. याची पट्टी शाबूत आहे.

आणि जिथं खरं मोडलंय तिथं असं अर्धवट का? डॉक्टरांनी विचारलं, "वाळकी फांदी मोडली तर?" आबा म्हणाले, "कट्दिशी दोन तुकडं." "आणि ओली?" आबा हसले, चार दिवसांत पहिल्यांदा. ओली फांदी एका बाजूनं फाटते आणि दुसऱ्या बाजूनं वाकून राहते. पोरांच्या हाडात क्षारांच्या मानानं तंतू जास्त आणि हाडावरचं आवरणही जाड, म्हणून ती अशी मोडतात. मला बरणीतलं हाड आठवलं.

निघताना मुलानं एक विचारलं. फिल्मवर मनगटाची हाडं मोजली होती त्यानं. "सातच हायत. आमी आठ केलीत." मला वाटलं एकावर एक येऊन लपलं असेल. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा दिव्यावर लावली आणि म्हणाले, "बरोबर मोजलंस. आठवं अजून कूर्चेचं आहे." करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं हाड सगळ्यात शेवटी पक्कं होतं, साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. जन्माच्या वेळी तर मनगटात एकही हाड पक्कं नसतं, आठही जागी कूर्चाच. मग एकेक करत भरत जातात.

जर्मनीत रॉन्टगेननं १८९५च्या डिसेंबरात बायकोच्या हाताचा असाच फोटो काढला होता, अंगठीसकट. त्या काळी हाडं बघायला मेलेलं माणूस लागायचं. आज गावातल्या दहा वर्षांच्या मुलानं आपलंच जिवंत मनगट बघून हाडं मोजली आणि त्याचा हिशेब माझ्यापेक्षा बरोबर निघाला.

३० जानेवारी, गुरुवार

आता प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. सांगाडा १४० सेंटिमीटरच्या मुलीचा, हाडं मोठ्या माणसाची. ८ तारखेला जे विचारलं होतं तेच.

फळ्यावर मांडलं. जन्मलेल्या बाळात साधारण २७० ते ३०० वेगवेगळे भाग असतात, बरेचसे अजून कूर्चेचे. पुढं काही जुळत जातात. कमरेचं एकेका बाजूचं हाड मोठ्यांत एकच, पण आपल्या वयात तीन तुकडे, खुब्याच्या उखळीत एकमेकांना भिडलेले. कमरेखालचं त्रिकोणी हाड मोठ्यांत एक, आपल्यात पाच मणके. गळ्याजवळचं आडवं हाड आईच्या पोटात सगळ्यात आधी पक्कं व्हायला लागतं, आणि त्याचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास जुळतं. गुडघ्याची वाटी बाळात नुसती कूर्चेची असते. तीन ते सहा वर्षांत तिचं हाड होतं.

एका मुलीला सहा महिन्यांचा भाऊ आहे. मधल्या सुट्टीत तिची आई त्याला घेऊन आली. मुलांनी हात स्वच्छ धुऊन, एकेकानं त्याच्या टाळूवर अलगद बोट टेकवलं. तिथं धडधड लागते. कवटीची हाडं अजून भिडलेली नसतात. जन्माच्या वेळी ती थोडी एकमेकांवर सरकू शकतात म्हणून बाळ बाहेर येऊ शकतं, आणि पुढं मेंदू वाढतो त्याला जागा मिळते. साधारण दीड-दोन वर्षांत टाळू भरते. घरोघरी टाळूवर तेल घालतात, पण ती मऊ का, हे पहिल्यांदाच विचारलं गेलं.

"मग आमच्यात किती?" हा प्रश्न सगळ्यांचा. मी सांगितलं की याला एक आकडा नाही, प्रत्येकाचा वेगळा आणि दर वर्षी बदलणारा. मुलांना हे पटायला जड गेलं. मला वाटतं मोठ्यांनाही जातं. मोजायचं कसं यावर आकडा ठरतो, याचं जुनं उदाहरण सांगितलं. सुश्रुतसंहितेत शल्यतंत्राच्या हिशेबानं हाडं ३०० सांगितली आहेत आणि वेद मानणारे ३६० म्हणतात, असंही तिथंच लिहिलं आहे. सुश्रुतानं दात आणि कूर्चाही हाडांतच धरली होती. आज दात हाडांत धरत नाहीत. ते चुकले असं मी सांगितलं नाही. त्यांनी काय काय धरलं ते आधी बघा, म्हटलं.

मग मत घेतलं: सांगाडा मोठ्याचा की आपला? तेरा हात "आपला" म्हणून वर गेले. म्हणजे झालेलं निम्मं काम मोडायचं. मांडीचं, दंडाचं, नडगीचं हाड टोकांशी कापायचं आणि मध्ये निळा कागद लावायचा. निळा म्हणजे कूर्चा. विज्ञान दिनाला चार आठवडे आहेत. कापायला सुरुवात केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बरगड्या. गावातल्या बुरुडाकडून बांबूच्या बारीक कामट्या आणल्या, भिजवून वाकवल्या. वरच्या सात जोड्या छातीच्या हाडाला थेट, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेला, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. पुढचा भाग निळा. छातीत दोन फुगे ठेवले. फुगवले की पिंजरा वर-बाहेर सरकतो. बाकी विशेष नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कवटी फुग्यावर लगदा थापून केली. दोन फुटल्या, तिसरी जमली. कवटीत २२ हाडं, हलतं एकच, खालचा जबडा. कानापुढं बोट ठेवून तोंड उघडमीट केलं की त्याचा सांधा लागतो.

कानातली तीन हाडं मुलांना खरी वाटेनात. सगळ्यात लहान, रिकिबीसारखं हाड सुमारे तीन मिलिमीटरचं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. विशेष म्हणजे ते जन्मतःच जवळजवळ पूर्ण मापाचं असतं, पुढं वाढत नाही. मेंढपाळाच्या मुलीनं तांदळाचा दाणा नखानं तोडून कानाच्या जागी चिकटवला. बाहेरून तो दिसणार नाही, तरी तिनं तो आत लावलाच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सांगाडा टांगला आणि खांद्यापासून दोन्ही हात गळून पडले.

झालं ते बरंच झालं. खाली बसून बघितलं तर हात धडाला फक्त एकाच जागी हाडानं जोडलेला आहे: गळ्याजवळचं आडवं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथं. खांद्याचं पातं बरगड्यांना जोडलेलंच नाही, नुसतं टेकलेलं. खरं धरून ठेवतात ते स्नायू. म्हणून हात एवढा चौफेर फिरतो. पाय तसा फिरत नाही, कारण खुब्याची उखळ खोल आणि कमरेचं हाड कण्याला घट्ट बसलेलं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सांध्यांवर ताणून बांधल्या. अस्थिबंध म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी पहिलीतलं एक पोर दारातून डोकावलं आणि भूत म्हणून रडत पळालं. माझ्या वर्गातल्या दोघांनी त्याला परत आणलं. आधी त्याचीच नडगी त्याला चाचपायला लावली, मग सांगाड्याची. पुन्हा त्याची, पुन्हा सांगाड्याची. पाच मिनिटांनी ते पोर सांगाड्याचा हात धरून उभं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. खोलीत तीन तास गर्दी होती. मुलांनी आकडा कुठंच लिहिला नाही. कुणी विचारलंच तर उलट विचारायचे, "कुणाची? तुमची की माझी?" ६ जानेवारीची चित्रं शेजारी लावली होती, आजची त्यांच्याखाली. आजच्या एकाही चित्रात हात एका काठीचा नाही.

लगद्याच्या आजी बराच वेळ सांगाड्यासमोर उभ्या होत्या. त्यांची पाठ वाकलेली आहे. नातवानं त्यांना मणके दाखवले. वय वाढलं की हाडातले क्षार कमी होतात, मणके आतून चेपतात, असं त्यानं सांगितलं. हे मी वर्गात एकदाच, ओझरतं सांगितलं होतं. आजी म्हणाल्या, "म्हंजी मी कायम वाकून काम केलं म्हून न्हवं?" मी त्यांना तालुक्याला हाडांची तपासणी करायला नेणार आहे. पुढच्या गुरुवारी जायचं ठरलं.

४ मार्च, मंगळवार

प्लास्टर काढलं. हात बारीक झालाय, कातडी सोलवटलीय, मोडलेल्या जागी बोटाला गाठ लागते. डॉक्टर म्हणाले, ही नव्या हाडाची गाठ आहे. वर्षभरात शरीर ती घासून घासून बेताची करेल. महिनाभर झाडावर चढणं बंद.

नवा एक्स-रे घेऊन तो थेट वर्गात आला आणि काचेला लावला. सगळ्यांनी मोजली. सातच.

तो सांगाड्यापाशी गेला. मनगटात सात हाडं पांढरी आहेत आणि करंगळीच्या बाजूला एक निळा मणी. त्यानं बोटानं तो मणी दाबून बघितला, नीट बसलाय का. मग मला म्हणाला, "बाई, माजं आलं की मीच ह्याला पांढरा रंग लावनार. तवर कुनाला लावू देऊ नका."

पांढऱ्या रंगाची अर्धी डबी उरली आहे. तिच्यावर त्याचा हजेरी क्रमांक लिहून कपाटात ठेवली.